कॅनडाच्या दारातली रांग

सरकारी नोकरीत आवक-जावकच्या टेबलावर मी सात वर्षे काढली. कागद आला की शिक्का मारायचा, नंबर घालायचा, तारीख टाकायची आणि नंबराची चिठ्ठी समोरच्या माणसाला द्यायची. ती चिठ्ठी हातात पडली की माणसाचा चेहरा बदलतो. त्याला वाटते, अर्धे काम झाले! खरे सांगायचे तर त्या क्षणाला काहीही झालेले नसते. कागद फक्त आत आलेला असतो. पण हे कुणाला तोंडावर सांगवत नाही.

अशीच एक चिठ्ठी मी २००७च्या सुरुवातीला पाहिली, ती मात्र आमच्या कचेरीची नव्हती. आमचा शेजारी मेकॅनिकल इंजिनियर. वय ३६, बायको, चार वर्षांची मुलगी आणि घरात म्हातारी आई. त्याने २००६च्या नोव्हेंबरात कॅनडाच्या 'स्किल्ड वर्कर' वर्गात कायम वास्तव्यासाठी अर्ज टाकला होता. पोच आली, फाईल नंबर आला. नवरा-बायकोचे प्रत्येकी ५५० डॉलर आणि मुलीचे १५०, असे १२५० कॅनेडियन डॉलर भरले होते. त्या वेळच्या भावाने पन्नासेक हजार रुपये! काकींनी त्या कागदाला हळद-कुंकू लावून तो देवाजवळ ठेवला. मला विचारले, "तू सरकारी माणूस मरे, सांग बघू, किती दिवस लागतील?" मी म्हटले, "काकी, परदेशातली कचेरी ती. आमच्यासारखी थोडीच असणार!"

माझे हे वाक्य पुढे सहा वर्षे मला छळत राहिले.

कॅनडाच्या दारात आपली माणसे ताटकळली ती काही काल-परवा नव्हे. २३ मे १९१४ला 'कोमागाटा मारू' हे जपानी जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात येऊन उभे राहिले. गुरदित्तसिंग यांनी ते भाड्याने घेतले होते. ३७६ उतारू, बहुतेक पंजाबी शीख. १९०८ साली कॅनडा सरकारने एक साधासुधा दिसणारा नियम केला होता: येणाऱ्याने आपल्या मायदेशातून थेट, मध्ये न थांबता आले पाहिजे. त्यात हिंदुस्थानचे नाव कुठेही नाही. पण हिंदुस्थानातून कॅनडाला थेट बोटच नव्हती! कारकुनी बुद्धीचा असा नमुना मी दुसरा पाहिलेला नाही. दोन महिने ते जहाज किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उभे होते. अन्नपाण्याचे हाल. आधीपासून तिथे राहणारे मोजके उतारू तेवढे उतरू शकले. २३ जुलैला जहाज परत फिरवले गेले आणि सप्टेंबरात बजबज येथे पोचल्यावर ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात त्यातली काही माणसे मेली. कॅनडाच्या संसदेत पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी याबद्दल माफी मागितली ती २०१६च्या मे महिन्यात. १०२ वर्षांनी.

पुढे १९५१ साली भारतासाठी कोटा ठरला, वर्षाला १५० माणसे. १९५७ला तो ३०० केला. १९६२मध्ये वंश-वर्णाचा निकष बाजूला सारला गेला आणि १ ऑक्टोबर १९६७पासून गुणांची पद्धत आली. शिक्षण, वय, भाषा, कसब यांना गुण. शंभरापैकी ५० मिळाले की पास. कुठल्या देशाचा, कुठल्या रंगाचा, हा प्रश्न नाही. आज परदेशात स्थिरावलेल्या कितीतरी भारतीय कुटुंबांचे नशीब या गुणपत्रिकेने उघडले, तेव्हा तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही.

इथे गोमंतकीयांनी विसरू नये अशी एक गोष्ट सांगतो. १९७२ साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. त्यांत आपले गोंयकारही होते, पुष्कळसे सरकारी नोकरीतले, माझ्यासारखेच कारकून! कॅनडाने रॉजर सेंट व्हिन्सेंट नावाच्या अधिकाऱ्याला कंपालात पाठवले. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याने कचेरी उघडली आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत सुमारे सहा हजार माणसांचे व्हिसा हातावेगळे केले. वैद्यकीय तपासणी, विमाने, सगळे त्यातच. टोरांटोकडच्या काही गोमंतकीय घराण्यांची मुळे त्या दोन महिन्यांत आहेत. म्हणजे त्या खात्याला वेगाने काम येत नव्हते असे नाही.

मग शेजाऱ्याच्या वेळी अडले कुठे?

अडले ते कायद्याच्या दोन कलमांच्या मध्ये. २००२ साली कॅनडात नवा इमिग्रेशन कायदा अमलात आला. उत्तीर्ण गुण आधी ७५ होते, ते २००३मध्ये ६७ केले. जो कुणी फी भरून अर्ज करील त्याचा अर्ज तपासून निकाल दिलाच पाहिजे, असे खात्यावर बंधन होते. दुसरीकडे दरवर्षी किती माणसे घ्यायची तो आकडा सरकार आधीच ठरवीत असे. सगळे वर्ग मिळून अडीच लाखांच्या आसपास, आणि स्किल्ड वर्कर हा त्यातला फक्त एक हिस्सा. आत येणाऱ्या अर्जांना मर्यादा नाही, बाहेर पडणाऱ्या व्हिसांना मर्यादा आहे. अशा टाकीचे काय होणार ते नळाखाली बादली लावणाऱ्या कोणालाही समजेल. २००८पर्यंत या एका वर्गात सहा लाखांवर माणसे साठली होती. लोक खात्यातल्या बाबूंना शिव्या घालीत. मला मात्र वाटे, त्या टेबलावर मी असतो तर मीही दुसरे काय केले असते?

त्यात १ सप्टेंबर २००६पासून अर्जाची पद्धत 'सोपी' केली होती. सुरुवातीला फक्त फॉर्म आणि फी पाठवायची. पदवी, अनुभवाचे दाखले, भाषेचा पुरावा हे सगळे नंबर जवळ आला की मागवले जाई. खात्याच्या दृष्टीने शहाणपणाचे. जुने दाखले साठवून काय करायचे? पण अर्जदाराच्या हातात त्यामुळे करण्यासारखे काहीच उरले नाही.

माणूस अशा वेळी काय करतो ते मी अगदी शेजारून पाहिले. इंटरनेटवर फाईल नंबर घालून स्थिती बघण्याची सोय होती. आमचा शेजारी रोज सकाळी चहाच्या आधी ती बघे. तिथे एकच वाक्य, वर्षानुवर्षे. दर महिन्याला खाते प्रत्येक कचेरीचा कालावधी जाहीर करी: ८० टक्के प्रकरणे इतक्या महिन्यांत निघाली. हा आकडा निकाल लागलेल्या फाइलींचा असतो. कपाटात पडून असलेली फाईल त्यात धरलेलीच नसते. मी हे त्याला एकदा समजावून सांगितले आणि नंतर पश्चात्ताप पावलो, कारण त्या आकड्यावरच तो जगत होता.

माहितीच्या अधिकाराचाही एक मार्ग होता. (गोव्याने हा कायदा १९९७मध्येच केला होता, केंद्राच्या आठ वर्षे आधी. एवढा अभिमान मला माझ्या राज्याचा बाळगू द्या.) कॅनडाचा असा कायदा १९८३पासून अमलात आहे, फी फक्त ५ डॉलर. पण अर्ज करणारा कॅनडात असला पाहिजे! टोरांटोतल्या एका लांबच्या नातेवाइकाला गाठून शेजाऱ्याने आपल्या फाइलीवरचे शेरे मागवले. दोन पाने आली. त्यावर अर्ज मिळाल्याची नोंद होती, बाकी काही नाही.

घरात मात्र बरेच काही थांबले होते. कौले शाकारायची होती. "आता जाणारच, तर कशाला?" म्हणून दर मे महिन्यात ते पुढे ढकलले जाई आणि पावसात माजघरात तीन टोपे मांडावी लागत. नवा फ्रिज घेतला नाही. बढतीबरोबर पुण्याला बदली येत होती, ती नाकारली, कारण पत्ता बदलला की कागद चुकेल ही भीती. मुलीला कुठल्या माध्यमात घालायचे यावर वाद झाले. काकी प्रत्येक चतुर्थीला म्हणत, "ही इथली शेवटची." अशा शेवटच्या चतुर्थी पाच झाल्या.

सगळेच असे थिजले नाहीत, हेही सांगायला हवे. त्याच्याच ओळखीचा फोंड्याकडचा एक जण अर्ज टाकून सरळ कुवेतला गेला. तिथे चार वर्षे कमावले, घर बांधले, दुसरे मूल झाले ते फॉर्म भरून फाइलीत जोडले आणि बाकी फाइलीचे नावही काढले नाही. वर्षातून एकदा पारपत्राची मुदत तेवढी तपासायचा. त्याला विचारले तर म्हणे, "लॉटरीचं तिकीट पाकिटात ठेवतात, डोळ्यांपुढे टांगून नाही ठेवत."

इकडे ओटावात वेगळेच शिजत होते. २००८मध्ये अर्थसंकल्पाबरोबर कायदा बदलला आणि प्रत्येक अर्ज तपासण्याचे बंधन काढले गेले. २७ फेब्रुवारी २००८नंतर आलेल्यांसाठी ३८ व्यवसायांची यादी आली, तिच्यात आचारी, प्लंबर, परिचारिका, क्रेनचालकसुद्धा. या नव्या अर्जांचा निकाल वर्षाच्या आत लावायचे ठरले. जुनी रांग तशीच. मागून आलेले पुढे गेले. शेजाऱ्याच्या कारखान्याच्या कँटीनमधला आचारी त्याच्यानंतर तीन वर्षांनी अर्ज करून त्याच्या आधी विमानात बसला. दोघांनी एकमेकांना मिठी मारली, पण शेजारी त्या रात्री जेवला नाही असे वहिनी सांगत होत्या.

मग २९ मार्च २०१२ उजाडला. त्या दिवशीच्या अर्थसंकल्पात मंत्री जेसन केनी यांच्या खात्याचा प्रस्ताव आला: २७ फेब्रुवारी २००८पूर्वीचे आणि अधिकाऱ्याने अजून निवडीचा निर्णय न दिलेले सर्व अर्ज रद्द. सुमारे ९८ हजार अर्ज, म्हणजे २ लाख ८० हजार माणसे. फी परत मिळेल, एकूण १३ कोटी डॉलरपर्यंत, व्याज नाही. २९ जूनला कायदा झाला, कलम ८७.४. नुकसानभरपाई मागता येणार नाही हेही त्याच कलमात लिहून टाकले.

यातली दुखरी जागा अशी की, त्याच महिन्यात १४ जूनला फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती रेनी यांनी एका अर्जदाराच्या बाजूने निकाल देऊन विलंब अवाजवी ठरवला होता आणि फाईल निकाली काढण्याचा आदेश दिला होता. पंधरा दिवसांत उरलेल्या फाइलीच नाहीशा झाल्या! शेकडो अर्जदार पुन्हा कोर्टात गेले. एप्रिल २०१३मध्ये निकाल आला तो याच न्यायमूर्तींचा: संसदेने स्पष्ट शब्दांत कायदा केला आहे, कोर्ट तो मोडू शकत नाही. २०१४मध्ये अपिलातही तेच कायम झाले.

"पुन्हा अर्ज करा" असे सरकार म्हणत होते. नवे नियम ४ मे २०१३पासून लागू झाले आणि त्यात वयाचे कोष्टक बदललेले. जुन्या नियमात २१ ते ४९ या वयाला पूर्ण १० गुण असत. नव्यात ३५पर्यंत १२ आणि पुढे दर वर्षाला एक वजा; ४७ला शून्य. आमचा शेजारी रांगेत उभा राहिला तेव्हा ३६चा होता. आता ४३चा. गुण ४. ही वजाबाकी मी त्याच्या ओट्यावर बसून कागदावर केली आणि तो कागद खिशात घालून घरी आलो. त्याला दाखवला नाही. त्यानेही ती आधीच केली असणार, इंजिनियर माणूस.

हा मार्ग एकट्या कॅनडानेच चोखाळला असेही नाही. २०१०मध्ये ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २००७पूर्वीचे सुमारे २० हजार माणसांचे अर्ज फी परत देऊन संपवायचे ठरवले आणि २०१९मध्ये क्वेबेक प्रांताने साधारण १६ हजार फाइली अशाच निकालात काढल्या. जानेवारी २०१५पासून कॅनडात 'एक्स्प्रेस एन्ट्री' आली. तिच्यात रांग नाही, तळे आहे. बारा महिन्यांची मुदत, वरचे गुणवाले उचलले जातात, बाकीचे आपोआप बाद. तरीही डिसेंबर २०२०पासून जुलै २०२२पर्यंत त्यातली स्किल्ड वर्करची निवडच थांबली होती. म्हणजे थांबणे काही चुकले नाही.

शेजाऱ्याचे पैसे २०१३च्या पावसाळ्याआधी आले. बाराशे पन्नास डॉलर, तेवढेच. सल्लागाराला दिलेले गेले ते गेलेच. पण मधल्या काळात रुपया घसरला होता, त्यामुळे पन्नास हजारांचे सदुसष्ट झाले. त्याने दुसऱ्याच दिवशी कौले शाकारणाऱ्या माणसाला बोलावले. मी गेलो तेव्हा तो शिडी धरून उभा होता आणि काकी खालून ओरडत होत्या, "अरे, माजघरावरची आधी घाला, तिथेच गळतं!"