चंद्रलोक आणि लंका : आद्य मराठी विज्ञानकथेचा एक पुनर्विचार

मराठी विज्ञानकथेचा आरंभ सामान्यतः कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकीळ’ मासिकात १९०० साली प्रसिद्ध झालेल्या ‘चंद्रलोकची सफर’ या ज्यूल व्हर्नच्या अनुवादापासून मानला जातो. पुढे दुसऱ्या दशकात श्री. बा. रानडे यांच्या ‘तारेचे हास्य’ या कथेने स्वतंत्र निर्मितीचा मार्ग दाखविला. हा इतिहास केवळ ग्रंथांच्या आधारे मांडला जातो. समकालीन चित्रपटाची दखल त्यात घेतली जात नाही.

व्हर्नच्या १८६५ च्या कादंबरीतील तोफ फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिए यांच्या १९०२ च्या चंद्रप्रवासपटात अवतरली. महाराष्ट्रात मात्र तिचा प्रवास मुद्रित पानांपुरताच राहिला. कॅमेऱ्याच्या करामतीवर मेलिएइतकीच हुकमत असणाऱ्या दादासाहेब फाळके यांनी ती ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या पौराणिक चित्रपटांसाठी योजिली. याचे कारण वैज्ञानिक दृष्टीच्या अभावात शोधणे सोपे असले, तरी ते टिकणारे नाही. याच फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखविली होती.

खरे कारण माध्यम आणि प्रेक्षक यांच्या नात्यात आहे. मूकपटात शब्दांना स्थान होते ते मजकुराच्या पाट्यांपुरतेच. म्हणून कथा प्रेक्षकाला आधीच ठाऊक असणे सोयीचे होते. वऱ्हाडातील भातकुली परंपरेने रुक्मीच्या भोजकटाशी जोडली जाते. कृष्णाकडून पराभूत झालेला रुक्मी कौंडिण्यपुरास न परतता तेथे राहिला, ही कथा अशा ठिकाणी पुराणाची तशीच परिसराचीही असते. तिच्यातील अद्भुताला स्पष्टीकरण लागत नाही. व्हर्नचे अद्भुत मात्र अंतर, वेग आणि तोफेची लांबी यांच्या हिशोबावर उभे आहे. तो हिशोब सांगण्यासाठी गद्यच हवे. ज्ञानप्रसाराची परंपरा असलेल्या मराठी मासिकांजवळ ते गद्य तयार होते.

तेव्हा आद्य विज्ञानकथेचे मुद्रितापुरते राहणे म्हणजे मागासलेपण नव्हे. ती अद्भुताची झालेली एक विभागणी होती. दृश्य अद्भुत पुराणाकडे गेले, तर्काधिष्ठित अद्भुत मासिकाकडे. आद्य विज्ञानकथेत कथेपेक्षा विवेचन वरचढ होते, हा नेहमीचा आक्षेपही या विभागणीच्या संदर्भात तपासला पाहिजे. ज्या विवेचनाला दोष मानले गेले, तेच या कथेला पुराणकथेपासून वेगळे करीत होते.