कामट्यांपासून अँकरपर्यंत

धाराशिव भागात जनावराचा पाय मोडला, की बांबूच्या कामट्या लावून तो करकचून बांधण्याची रीत होती. हलक्या उस्मानाबादी शेळीला हा आधार पुरे. तीन-चार क्विंटलच्या बैलापुढे तो तोकडाच. एकेकाळी निजामाच्या राज्यात असलेल्या या मुलखाला पशुवैद्यक शिक्षण फार उशिरा जवळ आले: मुंबईचे महाविद्यालय १८८६ चे, परभणीचे १९७२ चे, शेजारच्या उदगीरचे १९८७ चे. पुढे शस्त्रक्रियेत पट्ट्या, स्क्रू आणि तुटलेला अस्थिबंध हाडाला जखडणारे अँकर आले. अँकरची ताकद यंत्रावर जोखतात. तो हाडात बसवून त्याचा धागा एकसारख्या वेगाने ओढतात आणि बळ न्यूटनमध्ये मोजतात. अँकर उपटला, धागा तुटला की हाडच फुटले, ही नोंद आकड्याइतकीच मोलाची. जनावराला विश्रांती सांगून कळत नाही. पावलागणिक ताण येतो. म्हणून कमी बळाने पुन्हा पुन्हा ओढूनही अँकर पारखतात.