तोच संसर्ग, पुन्हा पुन्हा: एका उपचाराचा इतिहास

वर्ष-दीड वर्षाची कुत्री सारखी दारापाशी जाऊन उभी राहते. बाहेर नेली की चार ठिकाणी बसते, प्रत्येक ठिकाणी थेंबभर लघवी करते, कधी त्यात रक्ताची छटा दिसते. डॉक्टर अँटिबायोटिक देतात, दोन दिवसांत तिला बरे वाटते, घरचे निर्धास्त होतात आणि महिन्या-दीड महिन्याने सगळे पुन्हा सुरू होते. मग औषध बदलते, डोस वाढतो, दिवस वाढतात. या फेऱ्यात सापडलेल्या माणसाला वाटते, की योग्य औषध अजून मिळालेले नाही. या उपचाराचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर वेगळेच दिसते. गेल्या सत्तर वर्षांत अशा कुत्र्यांना औषधांची टंचाई क्वचितच भासली. जंतू मारल्यावरही संसर्ग परत का येतो, हे विचारायचे मात्र वरचेवर राहून गेले. प्रत्येक प्रभावी औषधाने हा प्रश्न विचारण्याची निकड कमी केली आणि ज्यांनी तो तरीही विचारला त्यांच्यामुळेच या आजाराचे ज्ञान पुढे सरकले, असे माझे म्हणणे आहे.

पशुवैद्यकाचा रुग्ण म्हणून कुत्रा फार उशिरा आला. आपल्याकडे शालिहोत्राच्या परंपरेत घोडा आहे, पालकाप्याच्या नावावर असलेल्या ‘हस्त्यायुर्वेदा’त हत्ती आहे, माणसाच्या मुतखड्यावरच्या शस्त्रक्रियेचे वर्णन सुश्रुताने केले आहे. ज्या जनावरावर सैन्य आणि राज्य चालते त्याचे वैद्यक आधी लिहिले गेले. युरोपातही तेच घडले. फ्रान्समधल्या गास्तों फेब्युसने १३८७ ते १३८९ या काळात लिहिलेल्या शिकारीवरच्या ग्रंथात कुत्र्यांच्या आजारांना जागा मिळाली, कारण ती शिकारीची कुत्री होती. १७६२ मध्ये लिओंला पहिले पशुवैद्यक विद्यालय सुरू झाले ते घोड्यांसाठी आणि गुरांच्या साथींसाठी. १७९१ मध्ये लंडनला निघालेले विद्यालयही मुख्यतः घोड्यांचेच होते. कुत्र्यांवर स्वतंत्रपणे आणि गांभीर्याने लिहिणारे डेलाबेर ब्लेन आणि विल्यम यूएट हे एकोणिसाव्या शतकातले. ब्लेनचे पुस्तक १८१७ चे, यूएटचे १८४५ चे. यूएटच्या पुस्तकात मूत्रपिंडाचा दाह, खडे आणि मूत्राशयाचा दाह हे वेगवेगळे विषय म्हणून येतात. जंतूंची कल्पना नसताना केवळ पाहून आणि मेलेल्या कुत्र्यांचे विच्छेदन करून हे भेद केले गेले, ही मोठी गोष्ट आहे. उपचार मात्र त्या काळाचेच होते. दाह म्हटला की रक्त काढणे, जुलाब आणि शेक.

मुंबईचा धागा इथे जुळतो. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी १८७४ मध्ये शहरात संस्था स्थापन झाली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाने परळला १८८३ मध्ये बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील यांनी १८८८ मध्ये कुत्र्यांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. घोडे आणि बैल यांच्यावर चालणाऱ्या शहरात, जिथे विद्यालयाचे खरे काम त्या जनावरांचे होते, तिथल्या प्राचार्याने कुत्र्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहावा याचे मोल मला वाटते. तरी कुत्रीच्या मूत्राशयात नेमके काय बिघडते हे त्या काळी कोणालाच सांगता येत नव्हते. थिओडोर एशेरिख यांनी आज ई. कोलाय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जंतूचे वर्णन नुकतेच, १८८५ मध्ये केले होते आणि तेही मुलांच्या विष्ठेतून. हाच आतड्यातला रहिवासी कुत्र्यांच्या मूत्रसंसर्गाचे सर्वांत मोठे कारण आहे, हे पुढे कळायचे होते.

खरे वळण १९३५ मध्ये आले. गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिलचे परिणाम प्रसिद्ध केले, सल्फा औषधे आली, पाठोपाठ पेनिसिलिन आणि १९५० च्या दशकात नायट्रोफ्युरँटोइन. याच काळात मोटारींनी शहरातला घोडा हटवला आणि पशुवैद्याच्या टेबलावर घरचा कुत्रा आला. पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांची अमेरिकी संघटना १९३३ ची, छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरांची ब्रिटिश संघटना १९५७ ची. जंतुनाशक औषधे येणे आणि कुत्रा पशुवैद्याचा मुख्य रुग्ण होणे या दोन घटना एकाच पिढीत घडल्या, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. घोड्यांचे वैद्यक या औषधांशिवाय शतकभर चालले होते. त्याला खूर, दात, चारा, कामाचा बोजा असे सगळे तपासण्याची सवय होती. कुत्र्यांचे वैद्यक व्यवसाय म्हणून उभे राहिले तेच अँटिबायोटिकची बाटली हाताशी घेऊन. लघवीत जळजळ म्हणजे जंतू आणि जंतू म्हणजे गोळी, हा क्रम त्याच्या बालपणीच पक्का झाला. त्यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. ज्या डॉक्टरांनी आधीच्या काळात मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या संसर्गाने जनावरे मरताना पाहिली होती, त्यांना ही औषधे वरदान वाटली आणि ती वरदानच होती.

या सवयीला पहिला धक्का माणसांच्या वैद्यकातून बसला. बोस्टनचे एडवर्ड कास यांनी १९५६ च्या सुमारास दाखवले, की लघवीत जंतू दिसले एवढ्याने भागत नाही, ते मोजावे लागतात. स्त्रियांच्या नमुन्यात मिलिलिटरला १ लाखाच्या वर जंतू असले तर ते बहुधा मूत्राशयातले, कमी असले तर वाटेत मिसळलेले असू शकतात. पशुवैद्यांनी ही कल्पना उचलली, पण कुत्री काही सांगितल्याप्रमाणे मधल्या धारेचा नमुना देत नाही. तिची लघवी योनीमार्गातून, केसांतून येते आणि तिथले जंतू सोबत घेऊन येते. यावर निघालेला उपाय सोपा होता: पोटाच्या त्वचेतून बारीक सुई थेट भरलेल्या मूत्राशयात घालून सिरिंजने लघवी काढायची. ऐकायला भीतीदायक, पण सरावलेल्या हाताला काही सेकंदांचे काम. बहुतेक कुत्र्या इंजेक्शनाइतकाही त्रास करून घेत नाहीत. जमिनीवरून किंवा ट्रेमधून गोळा केलेल्या लघवीच्या कल्चरवर किती कुत्र्यांना उगाच औषधे दिली गेली असतील याची कल्पना या एका सुईने येते.

दुसरा धक्का मिनेसोटातून आला. कार्ल ऑस्बॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कुत्र्या-मांजरांच्या मूत्ररोगांवरचा ग्रंथ १९७२ मध्ये निघाला आणि १९८१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात खड्यांच्या विश्लेषणाचे केंद्र सुरू झाले. कुत्रीच्या स्ट्रुव्हाइट खड्याची गोष्ट या केंद्राच्या कामामुळे नीट उलगडली. स्टॅफिलोकॉकससारखे काही जंतू लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम, अमोनियम, फॉस्फेट यांचा खडा जमतो. तो खडा पुढे जंतूंचेच घर बनतो. औषधाने मूत्राशयातले जंतू मरतात, खड्याच्या थरांत अडकलेले वाचतात, कोर्स संपला की बाहेर येतात. अशा कुत्रीला एकामागून एक कितीही महागडी औषधे दिली तरी आजार परतणारच, आणि पोटाच्या एका एक्स-रेत किंवा सोनोग्राफीत ते दिसले असते. हे खडे बऱ्याचदा योग्य आहार आणि योग्य अँटिबायोटिक यांनी शस्त्रक्रियेविना विरघळवता येतात, हेही याच परंपरेने दाखवले.

तरुण कुत्रीच्या बाबतीत तर रचनेचा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा. मादीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असते, म्हणून तिला हा आजार नरापेक्षा जास्त होतो. काही माद्यांचे योनिमुख कातडीच्या घडीत दबलेले असते. तिथे लघवी साचते, त्वचा ओली राहते, जंतू वाढतात. लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर, सायबेरियन हस्की यांसारख्या जातींत मूत्रपिंडाकडून येणारी वाहिनी कधी कधी जन्मतःच मूत्राशयात न उघडता पुढे मूत्रनलिकेत उघडते. अशी कुत्री पिलू असल्यापासून झोपेतही थेंब थेंब गळते आणि तिला वारंवार संसर्ग होतो. नसबंदी कधी करावी हाही इथलाच प्रश्न. अमेरिकेत १९९० च्या दशकात निवाऱ्यांतल्या कुत्र्यांची फार लवकर नसबंदी करण्याचा प्रघात वाढला. २००४ मध्ये अशा कुत्र्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा साडेपाच महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या माद्यांत मूत्राशयाचा दाह अधिक आढळला. पिलांच्या योनिदाहाची लक्षणे या आजारासारखीच दिसतात आणि तो अनेकदा पहिल्या माजानंतर आपोआप बरा होतो. म्हणून ज्या पिलाचे योनिमुख दबलेले आहे तिला एकदा माजावर येऊ देण्याचा सल्ला अनेक पशुवैद्य देतात. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे गणित वेगळे आहे, तिथे हा सल्ला लावू नये. औषधाची निवडही वयाशी बांधलेली आहे: एन्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधे वाढत्या वयाच्या कुत्र्यांच्या सांध्यांतली कूर्चा बिघडवू शकतात. पिलू जितके लहान, तितके आंधळेपणाने दिलेले जोरदार औषध महाग पडते.

आता कोर्सच्या दिवसांकडे येऊ, कारण सर्वांत तीव्र आक्षेप इथेच असतात. साध्या संसर्गाला दोन आठवडे आणि परतणाऱ्याला चार ते सहा आठवडे ही दीर्घकाळची रीत होती. पाळीव प्राण्यांच्या संसर्गरोगांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ मध्ये साध्या संसर्गासाठी सुमारे ७ दिवस आणि गुंतागुंतीच्या संसर्गासाठी ४ आठवडे सुचवले. २०१९ मध्ये तिनेच ते मोडून साध्याला ३ ते ५ दिवस सांगितले. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाला तर तो परतणारा संसर्ग. त्यातही दर वेळी नवा जंतू असेल तर तेवढेच दिवस पुरतात, मूत्राशयाच्या भिंतीत जुनाच जंतू दडला असावा असे वाटले तर ७ ते १४ दिवस. आणि लघवीत जंतू आहेत पण कुत्रीला कोणताच त्रास नाही, तेव्हा सहसा औषधच देऊ नये.

हे वाचून बरेच जण अस्वस्थ होतात. कोर्स अर्धवट सोडला तर जंतू निर्ढावतात, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण कोर्सची मूळ लांबी बहुधा सावधगिरीपोटी ठरली होती, चाचण्यांतून नव्हे. पुढे माद्यांवर प्रत्यक्ष तुलना झाली तेव्हा ३ दिवसांचे औषध जुन्या लांब कोर्सपेक्षा फारसे कमी ठरले नाही. घरच्यांनी मनाने कोर्स मोडणे आणि डॉक्टरांनी विचारपूर्वक छोटा कोर्स ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो मला समजतो: जंतू दिसत असताना मुक्या जनावराला औषध न देणे निर्दयपणा नाही का? इथे माणसांचा पुरावा डोळ्यांआड करता येत नाही. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या पण त्या क्षणी त्रास नसलेल्या तरुण स्त्रियांचा अभ्यास २०१२ मध्ये इटलीतून प्रसिद्ध झाला. ज्यांना औषध दिले त्यांच्यातच पुढे आजार जास्त वेळा उलटला. निरुपद्रवी जंतूंनी जागा धरलेली असणे हे काही वेळा संरक्षणच ठरते. कुत्री लघवी करताना कळवळत असेल तर ती दाहाची वेदना आहे. कल्चरचा अहवाल येईपर्यंत पशुवैद्याने दिलेले वेदनाशामक तिला आराम देते. घरातली आयब्युप्रोफेनची गोळी मात्र तिच्यासाठी विष आहे. ताप, उलट्या, खाणे सोडणे किंवा नसबंदी न झालेल्या कुत्रीला माजानंतर स्राव अशी लक्षणे असतील तर थांबण्याचा प्रश्नच नाही. तो मूत्रपिंडाचा किंवा गर्भाशयाचा गंभीर आजार असू शकतो.

तिसरा आक्षेप आपल्या तालुक्यांतून येतो. सोनोग्राफी कुठे, कल्चर कुठे, खर्च किती? अडचण खरी आहे. पण सुईने काढलेला नमुना निर्जंतुक डबीत, बर्फावर ठेवून त्याच दिवशी माणसांच्या प्रयोगशाळेतही पाठवता येतो आणि साधा सूक्ष्मदर्शक व ग्रॅमचा रंग १८८४ पासून उपलब्ध आहे. योनिमुखाची घडी उलगडून पाहायला तर काहीच लागत नाही. अंदाजाने दिलेल्या तीन-चार कोर्सचा हिशेब मांडला तर कल्चर स्वस्तच पडते, आणि त्या कोर्सनी घडवलेले निर्ढावलेले जंतू त्या कुत्रीपुरते राहत नाहीत. घरातल्या माणसांत आणि कुत्र्यांत ई. कोलायचे तेच वाण सापडले आहेत.

प्रश्न टाळण्याचा नवा मार्ग म्हणून आता क्रॅनबेरीच्या गोळ्या खपतात. कुत्र्यांत त्यांच्या उपयोगाचा पुरावा डळमळीत आहे. हेक्झामिन या जुन्या औषधाची गोष्ट अधिक बोलकी आहे. आर्थर निकोलायर यांनी १८९० च्या दशकात लघवीतला जंतुनाशक म्हणून ते वापरात आणले, सल्फा आल्यावर ते मागे पडले आणि अँटिबायोटिक निष्प्रभ होऊ लागल्यावर पुन्हा वर आले. वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांना रोज दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकपेक्षा ते कमी पडत नाही, असे २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत दिसले. कुत्र्यांतही काही पशुवैद्य ते वापरतात, पुरावा अजून थोडा आहे. लघवी आम्लधर्मी असेल तरच ते फुटून फॉर्मल्डिहाइड बनते. युरिया फोडणाऱ्या जंतूंनी लघवी अल्कधर्मी केली असेल तर ते नुसते वाहून जाते. त्यामुळे ते द्यायचे की नाही हे ठरवण्याआधी लघवीचा सामू पाहावा लागतो, कोणता जंतू आहे ते पाहावे लागते आणि आत खडा तर नाही ना, हेही.