पाणलोटाचा हिशेब : पावसाचा आकडा नेमका कुठला धरायचा?

जळगाव जामोद : गावात ऊन अन् नाल्याला पूर, हे आपल्या तालुक्याला नवं नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा. डोंगरात पडलेलं पाणी नाल्यांनी खाली येतं. २२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत शेतं खरडून गेली.

नाल्यात किती पाणी येईल, याचा हिशेब आता संगणकावर करता येतो. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाचं 'हेक-एचएमएस' हे सॉफ्टवेअर त्यासाठी फुकट मिळतं. पण त्यात पाऊस कसा भरला, यावरच उत्तर ठरतं. पाऊस भरायच्या मुख्य पद्धती अशा :

१) एकाच केंद्राचा पाऊस : पाणलोट लहान आणि पर्जन्यमापक त्यातच असेल तर चालतो. मापक खाली सपाटीवर आणि पाणी डोंगरातून येत असेल तर हिशेब कमी भरतो.

२) क्षेत्रानुसार सरासरी (थिसेन पद्धत) : ज्या केंद्राच्या वाट्याला जेवढं क्षेत्र, तेवढं त्याला वजन. समजा, पाणलोट १० चौरस किलोमीटरचा आहे. डोंगराकडच्या ४ चौ.कि.मी.वर ११० मि.मी. आणि खालच्या ६ चौ.कि.मी.वर ४० मि.मी. पाऊस झाला. सरासरी ६८ मि.मी. येते, म्हणजे एकूण ६८ कोटी लिटर पाणी. फक्त खालचा आकडा धरला तर ४० कोटी लिटरच दिसेल. यातलं काही जमिनीत मुरतं, उरलेलं नाल्याला येतं.

३) चौकटीचा पाऊस : हवामान विभागाकडे १९०१ पासूनचा दैनिक पाऊस पाव अंशाच्या चौकटींत मिळतो. एक चौकट साधारण २७ कि.मी. लांब-रुंद. नदीखोऱ्याच्या अभ्यासाला तो उपयोगी आहे. गावच्या नाल्याला मात्र ही चौकट फार मोठी पडते, डोंगर अन् सपाटी एकाच आकड्यात येतात.

४) संकल्पित पाऊस : २५ किंवा ५० वर्षांतून एकदा येईल असा मोठा पाऊस धरून सांडवा किती रुंद ठेवायचा ते ठरवतात. '५० वर्षांतून एकदा' म्हणजे दरवर्षी २ टक्के शक्यता. असा पाऊस लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो.

दिवसाचा की तासाचा?

पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३० असा मोजतात. बंधाऱ्यात वर्षाला किती पाणी साठेल, यासाठी दिवसाचे आकडे पुरतात. सांडव्यासाठी तासाचा पाऊस लागतो. ८० मि.मी. पाऊस दिवसभर रिमझिम पडला तर बराचसा मुरतो. तोच दोन तासांत कोसळला तर बांध फोडून जातो. कृषी विभागाच्या 'महावेध' प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळनिहाय आहेत. पण एका मंडळात अनेक गावं येतात, हे ध्यानात ठेवावं.

ग्रामसभेत आराखडा आला की तीन गोष्टी विचाराव्यात : पाऊस कोणत्या केंद्राचा धरला? डोंगराकडचा पाऊस त्यात आहे का? सांडव्यासाठी किती वर्षांतला मोठा पाऊस धरला? काम सुरू होण्याआधीच हे विचारलेलं बरं.