न्यूरो-क्रिटिकल केअर : मेंदूच्या अतिदक्षता उपचारातील करिअर आणि प्रशिक्षणाच्या वाटा

बारावी सायन्स केलेल्या आपल्या मुला-मुलींपुढे 'डॉक्टर' म्हणजे एमबीबीएस एवढेच चित्र असते. पुढच्या वाटा घरात कोणी चाललेले नसल्याने माहीत नसतात. म्हणून आम्ही येथे एका कमी परिचित शाखेची माहिती देत आहोत.

ही शाखा काय आहे?
पक्षाघात, मेंदूतील रक्तस्राव, अपघातातील डोक्याची इजा, न थांबणारी फिट, मेंदूज्वर, गुलियन-बारे सिंड्रोम अशा गंभीर रुग्णांवर अतिदक्षता विभागात उपचार करणारी ही शाखा. व्हेंटिलेटर, मेंदूतील दाब, रक्तदाब, ईईजी यांवर चोवीस तास लक्ष ठेवावे लागते. रुग्णाची शुद्ध मोजण्याची ३ ते १५ गुणांची ग्लासगो कोमा स्केल १९७४ पासून वापरात आहे. रक्ताची गुठळी होऊन आलेल्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. अवयवदानापूर्वी मेंदूमृत्यू ठरवण्याची प्रक्रियाही येथेच होते. १९९४ च्या कायद्यानुसार किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते.

डॉक्टर होण्याची वाट
१. नीट-यूजी, एमबीबीएस : साडेचार वर्षे आणि एक वर्ष इंटर्नशिप.
२. नीट-पीजी किंवा आयएनआय-सीईटी, त्यानंतर तीन वर्षांची एमडी : मेडिसिन किंवा अ‍ॅनेस्थेशिया या मुख्य वाटा.
३. नीट-एसएस किंवा आयएनआय-एसएस, त्यानंतर तीन वर्षांचे डीएम : क्रिटिकल केअर, न्यूरोलॉजी किंवा न्यूरोअ‍ॅनेस्थेशिया. बंगळुरूचे निम्हान्स, दिल्लीचे एम्स, तिरुवनंतपुरमचे श्री चित्रा ही या विषयातील नावाजलेली केंद्रे.

म्हणजे एकही वर्ष वाया न जाता साडेअकरा वर्षे. मात्र एमडी आणि डीएमच्या काळात विद्यावेतन मिळते, हे घरच्यांना आधीच सांगावे.

आरक्षण कुठपर्यंत?
अखिल भारतीय कोट्यात एमबीबीएस आणि एमडीसाठी अनुसूचित जातींना १५ टक्के, तर महाराष्ट्राच्या कोट्यात १३ टक्के जागा आहेत. डीएमला मात्र आरक्षण नाही. सुपर स्पेशालिटी प्रवेशात आरक्षण असू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये प्रीती श्रीवास्तव खटल्यात म्हटले. त्यामुळे शेवटची पायरी खुल्या स्पर्धेतून चढायची आहे, हे गृहीत धरूनच एमडीच्या पहिल्या वर्षापासून तयारी हवी.

दाखल्याची काळजी
१९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. पण केंद्राच्या यादीत 'बौद्ध' ही जात नाही. म्हणून केंद्रीय नमुन्यातील दाखल्यावर यादीतील मूळ जात आणि धर्म बौद्ध, अशी नोंद तपासून घ्यावी. राज्य कोट्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. ही कागदपत्रे अकरावीतच हाती घ्यावीत. निकालानंतर धावपळ करण्यात हक्काची जागा जाऊ शकते.

पैशाचा प्रश्न
कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास महाडीबीटीवर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असल्यास शिक्षण व परीक्षा शुल्काची फ्रीशिप आहे. परदेशी उच्च शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. या योजनांचे नियम दरवर्षी तपासून अर्ज करावा.

एमबीबीएस न मिळाल्यास
मेंदूच्या आयसीयूत एकटा डॉक्टर काम करत नाही. चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगनंतर, नर्सिंगच्या कामाचा अनुभव घेऊन, क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करता येतो. फिजिओथेरपीत न्यूरो हा विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षण आहे. ईईजी तंत्रज्ञ, स्पीच थेरपिस्ट यांचीही गरज असते. एमएसडब्ल्यू केलेल्यांसाठी सरकारी रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकाचे पद असते. बेशुद्ध रुग्णाच्या नातेवाइकांना योजना, खर्च आणि निर्णय समजावून सांगणारा माणूस तोच. नर्सिंगला 'कमी' समजण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

कामाचे स्वरूप
मोठी खासगी रुग्णालये, सरकारी वैद्यकीय महाविद्यालये, ट्रॉमा सेंटर आणि अध्यापन येथे संधी आहेत. पण रात्रपाळ्या, रोजचे मृत्यू आणि नातेवाइकांचा आक्रोश हेही या कामाचा भाग आहेत. केवळ पगार पाहून येणाऱ्याचा येथे निभाव लागत नाही.

कार्यकर्त्यांना आमची विनंती : प्रत्येक विहारात बारावी सायन्सच्या मुला-मुलींची यादी करा, त्यांचे दाखले तपासा आणि वैद्यकीय शिक्षण घेत असलेल्या एखाद्या थोरल्या विद्यार्थ्याशी त्यांची गाठ घालून द्या. साडेअकरा वर्षांच्या वाटेवर हुशार मूल बहुतेक वेळा एकटेपणामुळे मागे पडते. तो एकटेपणा दूर करणे आपल्या हातात आहे.