बाळापूरचे खडे आणि शाहजाद्याची सुरई

द्राक्षासव आणि निसर्गशोभा यांच्या ओढीनें ज्वालामुखीच्या बेटांची सफर आंखणाऱ्या रसिकांनीं आधीं वऱ्हाडांतील बाळापूर पाहावें, असें आम्हांस वाटतें. मन आणि म्हैस या नद्यांमधील उंचवट्यावर नबाब इस्माइलखानानें १७५७ त पुरा केलेला किल्ला उभा आहे. पावसाळ्यांत नद्या फुगल्या म्हणजे त्याचें जवळजवळ बेटच बनतें. खालचा काळा खडक सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा.

मद्याची कथाही या मुलखांत आहे. मात्र ती सुखाची नव्हे. १५९६ त वऱ्हाड मोगलांकडे आलें, आणि अकबराचा पुत्र शाहजादा मुराद यानें बाळापुराहून सहा कोसांवर ठाणें केलें. त्याचेंच पुढें शहापूर झालें. परंतु अतिमद्यपानानें मुरादाचें शरीर खचलें. त्यास परत आणण्याकरितां बादशहानें अबुल फजलास धाडिलें. पण तिशी गांठण्यापूर्वींच, १५९९ त, मुराद वारला.

त्याच अबुल फजलाच्या 'ऐन-इ-अकबरी'त बाळापुराजवळच्या दोन प्रवाहांकांठीं सांपडणाऱ्या सुंदर खड्यांची नोंद आहे. लोक ते कापून हौसेनें जपून ठेवीत. लाव्हा निवतांना राहिलेल्या पोकळ्यांत असे खडे हळूहळू घडतात. त्यांस घाई ठाऊक नसते.

सुभा हातीं असूनही शाहजाद्यास तो सुरईपलीकडे फारसा उपभोगतां आला नाहीं. गांवकऱ्यास मात्र ओंजळभर खड्यांत आनंद सांपडला. सफरीचा बेत करणाऱ्यानें पेल्याआधीं पायांखालची भूमि पाहावी, हेंच आमचें सांगणें.