बोटीतून उतरलेली माणसं

आमची आजी 1943 साली लग्न होऊन मुलुंडला आली, जैतापूर बंदरातून आगबोटीने. पुढे चार-पाच वर्षांत आणखी हजारो माणसं आगबोटीनेच मुंबईला उतरली, ती कराचीहून. पहिल्या बोटीतली माणसं आपली आणि दुसरीतली परकी, असा आजीचा सरळ हिशेब होता. ती सांगायला बसली की आम्हालाही तो पटायचा.

6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल पेटली आणि सिंधमधले हिंदू मिळेल त्या बोटीने निघाले. मुंबई इलाख्यात तेव्हा बाळासाहेब खेरांचं सरकार होतं. शहरात एवढी माणसं मावणार नाहीत म्हणून त्यांना कल्याण, चेंबूर, मुलुंड अशा छावण्यांकडे वळवलं गेलं. त्यासाठी त्याच वर्षी निर्वासितांचा एक खास कायदाही झाला. कल्याणच्या छावणीचं 1949 साली उल्हासनगर झालं. मुलुंडची छावणी पश्चिमेकडे, डोंगराच्या अंगाला. आज तिला मुलुंड कॉलनी म्हणतात. आजी मात्र शेवटपर्यंत 'कॅम्प'च म्हणायची.

"रात्री निजलो तेव्हा तिकडे मोकळं रान होतं, पहाटे बघतो तर चुलींचा धूर," असं ती सांगे. मग चाळीतल्या बायकांच्या तक्रारी सुरू व्हायच्या. नळाला पाणी पुरत नाही. मोठ्याने बोलतात. बायका डोक्यावर पदर घेत नाहीत, रस्त्यात बसून पापड विकतात. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही म्हण तेव्हा चाळीत रोजच्या वापरात होती म्हणे. सगळ्यात मोठा राग दुकानदारांना. कॅम्पातला माणूस साखर खरेदीच्या भावात विकायचा आणि रिकामं पोतं विकून येतील तेवढ्या पैशांना नफा म्हणायचा. ही गोष्ट मुंबई परिसरातल्या ज्या ज्या वस्तीत सिंधी आले तिथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकायला मिळते, तेव्हा तिच्यात थोडा मीठमसाला असणारच. पण गिऱ्हाईक तिकडे वळलं हे खरं. आमच्या आजोबांनी चाळीच्या बैठकीत "यांच्याकडून काही घ्यायचं नाही" या ठरावावर सही केली आणि त्याच संध्याकाळी आजीने त्यांच्याकडूनच साखर आणली. हे ती पदर तोंडाला लावून सांगायची.

कॅम्पातल्या एका पापडवालीशी आजीची ओळख वाढत गेली. ती आजीला 'बाई' म्हणायची, आजी तिला 'भाभी'. तिचं हैदराबाद सिंधमधलं घर दोन मजली होतं आणि किल्ली तिने अजून ठेवली होती. आजीचा यावर बरेच दिवस विश्वास बसला नाही. पापड विकणाऱ्या बाईचं दोन मजली घर कसं असेल? बसला तो भाभीने मुलाचं नाव मराठी शाळेत घातल्यावर, आणि तोही घरामुळे नव्हे. "इथे राहायचं ठरवलंन् बाईने" म्हणून. पाडव्याला आमच्या दारी गुढी आणि त्याच सुमाराला तिकडे चेटीचंडची मिरवणूक, असं मग वर्षानुवर्षं चाललं.

भाभी कायद्याने केव्हा भारतीय झाली, हा प्रश्न आजीला कधी पडला नाही. राज्यघटनेच्या सहाव्या कलमात तारीख आहे: 19 जुलै 1948. पाकिस्तानातून त्याआधी येऊन इथेच राहिलेल्यांना अर्ज किंवा नोंदणी करावी लागली नाही. त्यानंतर आलेल्यांना अर्ज, नोंदणी, सहा महिन्यांचं वास्तव्य. बोट त्या तारखेनंतर सुटली असती तर तीच बाई वेगळ्या रांगेत उभी असती. आणि दुसरी गंमत अशी की मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलं 1957 साली. म्हणजे कॅम्पातले लोक मुलुंडला आले तेव्हा मुलुंडच मुंबईत नव्हतं.

कोण आधी, कोण नंतर, या मोजणीला उपनगरात बूडच सापडत नाही. मरोळ गावठाणातले एक सहकारी ईस्ट इंडियन. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 1887 मध्ये, त्यांच्या समाजाने हे नाव घेतलं ते गोव्या-मंगळुराकडून आलेल्या ख्रिस्ती नोकरदारांपासून आपण वेगळे, मूळचे, हे सांगायला. त्यांच्या आजीच्या दृष्टीने आमची जैतापूरची आजी उपरीच. बोरिवलीच्या जंगलातल्या वारल्यांना विचारलं तर ते दोघींनाही उपरं म्हणतील.

1966 नंतर, शिवसेना निघाल्यावर, आजोबांच्या रागाला नवं माणूस मिळालं. 'मार्मिक' साप्ताहिकातल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या याद्या ते मोठ्याने वाचत. त्यांचा राग खोटा नव्हता. मॅट्रिक झालेला त्यांचा भाऊ कारखान्याच्या फाटकावरून परत यायचा आणि आत टंकलेखनाच्या खुर्च्या भरलेल्या असायच्या. पण वरच्या मजल्यावरच्या अय्यरांना रात्री दम लागला तेव्हा टॅक्सी आणायला धावले तेही आजोबाच.

आता उपऱ्यांच्या यादीत बांगलादेशी आहेत. इथे मी भाबडेपणा करणार नाही. सिंधी, तमिळ, कोकणी यांचा इथे राहण्याचा हक्क होता किंवा देशाने तो दिला होता. दलालाला पैसे देऊन सीमा ओलांडायची आणि खोटे कागद करायचे हा गुन्हा आहे, आणि मुंबईत तो घडतो. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र हातात आहे एवढ्यावर कुणी नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं. पण शोध कसा होतो तेही पाहावं. जुलै 1998 मध्ये युतीच्या सरकारने कुर्ल्याहून हावड्याच्या गाडीत बसवून 34 जणांना सीमेकडे पाठवलं. उलुबेरिया स्थानकात जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवलं. हे तर आमचे बंगाली, असं तिथल्या सरकारचं म्हणणं. 2025 च्या जूनमध्ये मीरा रोडला पकडलेला मुर्शिदाबादचा एक गवंडी सीमेपलीकडे ढकलला गेला आणि भारतीय निघाल्यावर परत आणावा लागला. बंगाली बोलतो आणि मुसलमान आहे, एवढ्यावर संशय जातो आणि आपण नागरिक आहोत हे त्यानेच सिद्ध करायचं असतं. आमच्या आजीचा जन्मदाखला नव्हता. जन्म कधीचा विचारलं तर "गाय व्याली त्या शिमग्याला" म्हणायची. तिला कुणी विचारलं नाही, कारण ती 'आपल्यासारखं' बोलायची.

सप्टेंबर 2023 मध्ये याच मुलुंडच्या एका सोसायटीत मराठी बाईला मराठी म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारली गेली. आपण केवढे संतापलो होतो! संतापायलाच हवं होतं. त्याच सुमाराला पुनर्विकासात हलवायच्या धारावीतल्या लोकांची घरं मुलुंडात नकोत म्हणूनही आपण सभा घेत होतो. पायाभूत सोयींवरचा ताण हे कारण रास्तच आहे. पण "ते लोक आले की वस्ती बिघडेल" हे वाक्य मी त्या सभेत ऐकलं, आणि ते कॅम्पाबद्दल बोलल्या गेलेल्या वाक्याहून एका अक्षरानेही वेगळं नव्हतं.

तेव्हा घुसखोराची तक्रार करायची तर जरूर करा. तो नागरिकाचा हक्क आहे. फक्त त्याआधी स्वतःला विचारा की आपल्याकडे पुरावा आहे, की नुसती त्याची बोली कानाला खटकली आहे. पुरावा नसेल तर तक्रार करू नका.